कढी का कळकली?



एकदा आमच्या गावी लग्न होते. ताकाची कढी मोठ्या पितळी पातेल्यात केली होती. पातेल्याची कल्हई आतून उडालेली. तिकडे कुणाचे लक्ष गेले नाही. रात्रीची कढी उरली, ती तशीच त्यात राहिली. सकाळी चव पाहिली, तर तोंड कसेसेच झाले. कुणी म्हणाले, "चांगली उकळी आणा, म्हणजे दोष जाईल." उकळी आणली, कढी वाढली. तासाभरात पंगतीतली माणसे ओकून बेजार झाली. आम्हीही त्या पंगतीत होतो.

कढी कळकली, हे सगळ्यांना कळले. पण कळकली म्हणजे काय झाले? आणि उकळूनही दोष का गेला नाही? हे समजायला दोन शब्द शिकू या. एक मूलद्रव्य, दुसरा संयुग.

तांबे घ्या. ते ठोका, वितळवा, त्याचा कीस करा. तांब्याचे तांबेच राहते. त्यातून निराळे पदार्थ निघत नाहीत. अशा पदार्थाला मूलद्रव्य म्हणतात. सोने, रुपे, लोखंड, जस्त, कथील, शिसे, गंधक ही सारी मूलद्रव्ये आहेत. आजपर्यंत अशी ११८ मूलद्रव्ये माहीत झाली आहेत.

आता संयुग पाहू. तुम्ही मुळाक्षरे शिकलात. अक्षरे थोडी, पण ती जोडून शब्द किती होतात! तसेच मूलद्रव्ये एकमेकांशी जोडली गेली, की नवे पदार्थ होतात. त्यांना संयुगे म्हणतात.

पाणी हे एक मूळ तत्त्व आहे, असे पूर्वी मानीत. पण ते संयुग आहे. इ. स. १८०० मध्ये इंग्लंडात निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी पाण्यातून वीज सोडली. तेव्हा त्यातून दोन वायू निघाले, हायड्रोजन आणि प्राणवायू. ९ किलो पाण्यात ८ किलो प्राणवायू आणि १ किलो हायड्रोजन असतो. हे प्रमाण विहिरीच्या पाण्यात तेच आणि पावसाच्या पाण्यातही तेच. हायड्रोजन स्वतः पेटतो. प्राणवायू दुसऱ्याला जळायला मदत करतो. आणि दोघांचे झालेले पाणी आग विझवते! संयुगात मूलद्रव्यांचे आपले गुण राहत नाहीत, नवेच गुण येतात.

नुसते एकत्र केले म्हणजे संयुग होत नाही, बरं का. भेळेत चुरमुरे चुरमुरेच राहतात आणि शेव शेवच. ते झाले मिश्रण. पितळही तसेच. तांबे आणि जस्त एकत्र वितळवून ते करतात. म्हणून तांब्याचा स्वभाव पितळेत राहतो.

आता कढीकडे वळू. ताकात आम्ल असते. ते आम्ल, हवेतला प्राणवायू आणि पातेल्यातले तांबे यांचा संबंध आला. त्यातून तांब्याची संयुगे झाली आणि कढीत उतरली. हाच तो कळक. उकळीने रोगजंतू मरतात. पण संयुग काही जिवंत नसते, ते मरणार कसे? पाणी आटते, कळक मात्र तिथेच राहतो.

कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो अन्न आणि पितळ यांच्यामध्ये आड राहतो. म्हणून भांडे आतून पिवळे दिसू लागले, की कल्हई करून घ्यावी. कथील चोख असावे. त्यात शिसे मिसळलेले नसावे, कारण शिसे पोटात गेले तर विषारी. कल्हई नसेल, तर ताक, चिंच, आमसूल, लोणचे पितळेत किंवा तांब्यात ठेवू नये. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवावे.

आणि इतके करूनही अन्न कळकले तर? टाकून द्यावे. अन्न टाकताना जीव हळहळतो, हे आम्हांलाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी पातेलेभर कढी वाचवायला गेलो आणि साऱ्या पंगतीला आजारी पाडले.