बॅटरी बसली, की उपाशी राहिली?

नारळी पौर्णिमा झाली, होड्यांवरचे झाप उतरले, टाकीत डिझेल पडलं की थळच्या किनाऱ्यावर दरवर्षी एक वाक्य हमखास कानी येतं. "चाचा, बॅटरी बसली." गेल्या हंगामात नवी घेतलेली असते. दुकानदाराला शिव्या बसतात, बॅटरीला बसतात, कधी दर्यालाही बसतात. मग उसनवारी करून दुसरी बॅटरी येते आणि पुढच्या साली तीही बसते.

मी कविता लिहिणारा माणूस. बॅटरीशी माझं नातं मामूंमुळे. ते बॅटऱ्या दुरुस्त करायचे, आणि शाळा सुटली की मी त्यांच्या दुकानात बसायचो. तेव्हाच्या बॅटऱ्या काळ्या कडक रबराच्या पेटीत असत आणि वरून डांबर ओतून बंद केलेल्या असत. मामू डांबर तापवून काढायचे, खराब कप्पा उचलायचे, नव्या प्लेटा बसवायचे. आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मेली आहे की उपाशी आहे?" हा प्रश्न ज्याला विचारता आला, त्याचं निम्मं काम झालं.

मराठीत आभाळातली आणि तारेतली, दोघींनाही आपण वीज म्हणतो. उर्दूतही दोन्ही बिजलीच. त्यामुळे माणसाला वाटतं, बॅटरीत वीज भरून ठेवलेली असते. तसं नसतं. आत शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेलं गंधकाम्ल असतं. १८५९ साली प्लान्टे नावाच्या फ्रेंच माणसानं ही युक्ती शोधली. आमच्यासमोर खांदेरीवर दीपगृह उभं राहिलं १८६७ साली. म्हणजे ही बॅटरी त्या दीपगृहापेक्षाही आठ वर्षांनी मोठी. तत्त्व अजून तेच आहे. वीज वापरली की आम्ल प्लेटांवर जाऊन बसतं, तिथं शिशाचं सल्फेट तयार होतं आणि मागं उरलेलं आम्ल पातळ होतं. चार्जिंग केलं की सल्फेट विरघळून आम्ल पुन्हा दाट होतं. पण बॅटरी रिकाम्या पोटी आठवडेच्या आठवडे राहिली, तर ते मऊ सल्फेट कडक खड्यासारखं होतं. मग कितीही चार्ज करा, ते सुटत नाही. याला म्हणतात बॅटरी बसणं. म्हणजे आधी ती उपाशी राहते आणि नंतर मरते.

आता आपला पावसाळा बघा. जूनच्या एक तारखेपासून जुलैअखेर मासेमारी बंद. होडी शाकारून वर ओढलेली, बॅटरी तिच्यातच, केबलींसकट. शेवटच्या फेरीत ती अर्धी झालेलीच होती. बॅटरी नुसती ठेवली तरी आतल्या आत उतरते, आणि आपल्या दमट उन्हाळी हवेत जरा लवकरच उतरते. दोन महिन्यांनी आपण झाप उचलतो आणि म्हणतो, बसली. बसणारच. होडी वर घेताना बॅटरी सोडवून घरी आणायची, पूर्ण चार्ज करायची आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करायची. एवढ्यानं तिचं आयुष्य वाढतं. घरात फळीवर ठेवा, फरशीवर ठेवा, फरक पडत नाही. फरशीवर बॅटरी उतरते ही समजूत जुन्या पेट्यांच्या काळातली. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला ती लागू नाही. मामूंना मात्र हे शेवटपर्यंत पटलं नाही.

मेली की उपाशी, हे ओळखायला साधा मल्टिमीटर पुरतो. मासळीच्या एका पाटीची किंमतही त्याला पडत नाही. बॅटरी सगळ्यापासून सोडवून चार-पाच तास स्वस्थ ठेवायची आणि मग मोजायची. १२.७ व्होल्टच्या आसपास असेल तर पोट भरलेलं आहे. १२.२ म्हणजे अर्धं. बाराच्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामं. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर आणखी खरं बोलतो. भरलेल्या कप्प्यातल्या आम्लाचं माप १.२७ च्या आसपास असतं, अर्ध्यावर ते १.२० पर्यंत येतं. सहाच्या सहा कप्पे सारखेच खाली असतील तर बॅटरी उपाशी आहे, चार्ज करा. पाच कप्पे चांगले आणि एकच फार खाली असेल, तर तो कप्पा गेला आणि त्याच्याबरोबर बॅटरीही गेली. आता डांबर वितळवून एक कप्पा बदलणारे मामू राहिलेले नाहीत.

पण खरी गंमत पुढं आहे. पुष्कळदा बॅटरी पूर्ण भरलेली निघते आणि तरीही सेल्फ नुसता "कट्" करून गप्प बसतो. इथं दोष जोडणीचा असतो. सहा सिलिंडरच्या इंजिनाचा सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. समजा तीनशे ओढले आणि टर्मिनलवर गंजामुळं ओहमचा फक्त शंभरावा भाग एवढाच अडथळा आला, तरी तीन व्होल्ट तिथंच संपतात. बारातले तीन गेले, नवात इंजिन कसं फिरणार? आणि खाऱ्या हवेत गंज यायला किती वेळ लागतो ते आपल्या खिडकीच्या गजांना विचारा. तांब्यावर हिरवा थर, शिशावर पांढरी भुकटी, आणि केबलीच्या रबराखाली आत आत काळी पडलेली तार. बाहेरून केबल नवीकोरी दिसते, आतून कुजलेली असते.

हे पकडायची युक्ती सोपी आहे. एकानं सेल्फ मारायचा आणि दुसऱ्यानं मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, दुसरी त्यावर आवळलेल्या टर्मिनलवर धरायची. जोड चांगला असेल तर काटा शून्याच्या जवळच राहील. एक-दोन व्होल्ट दिसले तर चोर सापडला. असंच पुढं पुढं सरकायचं: टर्मिनल ते केबल, केबल ते सेल्फ, आणि इंजिनाकडून परत येणारी बाजूही. परतीची बाजू सगळे विसरतात. मीटर नसेल तर सेल्फ दोन-तीनदा मारून झाल्यावर प्रत्येक जोडाला हात लावून बघा. जो गरम, तो आजारी. मग टर्मिनल सोडायचं, आधी निगेटिव्ह; पॉलिश पेपरनं शिसं चकचकीत करायचं, घट्ट आवळायचं आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावायचं. ग्रीस आधी लावून मग आवळणारेही मी पाहिले आहेत. जोडताना निगेटिव्ह शेवटी. आणि तोंडातली बिडी आधी विझवायची, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि इंजिनाच्या बंद खणात तो साठतो.

थळचे एक नाखवा मला म्हणाले, "वायरलेसवर मला सगळे ऐकू येतात, मी कोणाला ऐकू जात नाही." हेही तेच दुखणं, धाकटं भावंड. ऐकताना वायरलेस अगदी थोडी वीज घेतो, बोलायला बटण दाबलं की पाच-सहा अँपिअर ओढतो. त्यांची वायर दिव्यासाठी वापरतात तशी, दीड मिलिमीटरची होती. बॅटरी ते केबिन दहा मीटर, म्हणजे जाऊन येऊन वीस. हिशेब केला तर बोलताना एक व्होल्टहून जास्त वाटेतच जात होता. बॅटरी अर्धी असेल तर वायरलेसला जेमतेम अकरा मिळणार. सहा मिलिमीटरची वायर टाकली आणि नाखव्यांचा आवाज पोचायला लागला. चॅनल १६ वर मदत मागायची वेळ आली, तर ती बटण दाबल्यावरच मागायची असते. त्या घडीला वायर बारीक असून चालत नाही.

मोठ्या होड्यांवर चोवीस व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या असतात. तिथं एक खास दोष भेटतो. वायरलेस आणि जीपीएस बारा व्होल्टचे, म्हणून वायरमन ते दोनांपैकी एकीवरच जोडून देतो. झालं! एक बॅटरी रोज राबते, दुसरी बसून असते, आणि चार्जिंग दोघींना सारखंच मिळतं. राबणारी कायम उपाशी राहून बसते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवत राहते. दोघी वेगवेगळ्या रोगानं जातात आणि मालक म्हणतो, कंपनी वाईट. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावावा. आणि नवी घेताना दोन्ही एकदम घ्याव्यात. जुनी-नवी जोडी सुखानं नांदत नाही.

बॅटरी ठीक, जोड ठीक, तरी रात्री दिवे मंद होत असतील तर हिशेब मांडायला बसा. वरचे चार दिवे जुन्या पद्धतीचे, २५ वॅटचे. चार मिळून १०० वॅट, म्हणजे आठ अँपिअरच्या वर. बारा तासांची रात्र धरली तर शंभर अँपिअर-तास नुसत्या दिव्यांना गेले. बॅटरीवर १२० लिहिलेलं असलं तरी निम्म्याच्या खाली तिला नेऊ नये, म्हणजे हाताशी साठच. भागाकार तुम्हीच करा; पहाटेच्या आधी अंधार ठरलेला. तेच दिवे तीन-तीन वॅटचे एलईडी केले की रात्रभरात बारा अँपिअर-तास जातात. मी मार्गदर्शक दिव्यांबद्दल बोलतोय. मासळी गोळा करायला लावतात त्या झगझगीत एलईडीवर केंद्र सरकारनं २०१७ साली बंदी घातली आहे, ती गोष्ट वेगळी.

हे दिवे शोभेचे नाहीत. आपल्या समोरूनच मुंबई बंदराची आणि न्हावा-शेवाची जहाजं जातात-येतात. मासेमारी करणाऱ्या होडीनं रात्री वर तांबडा आणि खाली पांढरा असे दोन दिवे दाखवायचे, ट्रॉलिंग करत असेल तर वर हिरवा. दीडशे मीटर लांबीचं जहाज होडी दिसल्यावर जागच्या जागी थांबू शकत नाही, आणि होडी लाकडाची असेल तर रडारवरही नीट उमटत नाही. काळोख्या रात्री दिवे गेलेल्या होडीतल्या खलाशांना खांदेरीचा दिवा दिसत असतो, कारखान्याचे दिवे दिसत असतात. त्यांनाच कोणी बघत नसतं.

चार्जिंग होतं की नाही, हे इंजिन चालू असताना बॅटरीवरच मोजावं. बारा व्होल्टच्या बॅटरीवर पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान हवं. साडेबारावरच अडकलं असेल तर आधी पट्टा बघा. सैल पट्टा अंगठ्यानं दाबून कळतो आणि पाच मिनिटांत आवळता येतो. मग ब्रश, मग रेग्युलेटर. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला. बॅटरी उकळते, नाकाला झोंबणारा वास येतो, पाणी झपाट्यानं आटतं. पाणी फक्त डिस्टिल्ड घालायचं. विहिरीचं नाही, आणि समुद्राचं तर मुळीच नाही. खारं पाणी कप्प्यात गेलं की चार्ज होताना विषारी क्लोरीन वायू निघतो. इंजिन चालू ठेवून टर्मिनल उचलायचं आणि "बंद पडत नाही, म्हणजे डायनामो चांगला" असं म्हणायचं, ही जुन्या लोकांची खोड आहे. आजच्या अल्टरनेटरचे डायोड अशानं जळतात.

आणखी एक: जाळ्यापर्यंत अर्धा तास इंजिन, तिथं रात्रभर दिवे, परत अर्धा तास. एवढ्यात बॅटरी भरत नाही. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला सगळ्यात जास्त तास लागतात. केबिनच्या टपावर सोलर पॅनल आणि मध्ये कंट्रोलर लावला तर दिवसभर नांगरलेली होडी ती कसर हळूहळू भरून काढते. मात्र पॅनलवर जाळी वाळत घालू नयेत.

सगळं बंद असूनही बॅटरी उतरते का? निगेटिव्ह केबल सोडून मधे मीटर अँपिअरवर लावा. काही वाहत असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला काटा पडला, त्या वायरीत गळती. फक्त तेव्हा सेल्फ मारू नका, मीटर जळेल. बॅटरीच्या डोक्यावर साचलेलं खारं ओल आणि आम्लसुद्धा वीज खातं. खायचा सोडा पाण्यात कालवून, झाकणं घट्ट लावून, वरून पुसून घ्यावं.

होडीवर विजेची उपकरणं वाढत चालली आहेत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला, एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर बसवायच्या योजनेला सुरुवात झाली. संकटाचा संदेश त्यावरून किनाऱ्यापर्यंत जातो, वादळाचा इशारा होडीपर्यंत येतो. अशी यंत्रं येतात तेव्हा खांबावर कसं बसवायचं ते शिकवतात. होडीच्या बॅटरीकडे कोण बघतं?

खरोखर मेलेल्या बॅटरीचं काय करायचं तेही सांगतो. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी; २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि शिशाला भाव असल्यानं पैसेही वळते होतात. पण किनाऱ्यावर अजून काही जण पेटी फोडतात, आम्ल वाळूत ओततात आणि चुलीवर प्लेटा वितळवून जाळ्याला शिशाच्या गोळ्या करतात. मामू हे काम घराबाहेर, पोरांना लांब पाठवून करायचे, तरी त्याची धूळ त्यांच्या कपड्यांवर घरी यायचीच. शिशाचा धूर आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते, आणि ती फार थोडी पुरते. गोळ्या बाजारात तयार मिळतात.