जबलपूरची जोंगा

जबलपूर शहरात चेरीताल नावाची एक वस्ती आहे. राणी दुर्गावतीने राणीताल बांधला, तिचा मंत्री आधारसिंह याने आधारताल बांधला आणि तिच्या दासीने, म्हणजे चेरीने, चेरीताल बांधला, अशी आख्यायिका तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. राणी 1564 साली मोगल फौजेशी लढताना धारातीर्थी पडली. दासीच्या तलावाचीही पुढे वस्ती झाली. पाणी गेले आणि नाव राहिले. याच शहराने देशाला दिलेल्या एका मोटारगाडीचे मात्र उलट झाले आहे. गाडी अजून अधूनमधून रस्त्यात भेटते, परंतु तिच्या नावात जबलपूर दडले आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ही गाडी म्हणजे जोंगा. नाव ऐकून एखाद्या आफ्रिकी नदीची किंवा रानातल्या जनावराची आठवण व्हावी. पण वस्तुतः ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या लांबलचक इंग्रजी नावातील अक्षरे जुळवून हा शब्द तयार झालेला आहे. सरकारी कचेरीत जन्मलेले नाव इतके सुटसुटीत आणि जिभेवर खेळणारे असावे, हा योग विरळाच.

मराठी माणसाला जबलपूर परके नाही. 1817 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता, आणि 1956 साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत जबलपूरच्या सरकारी कामाची वाट राजधानी नागपूरलाच जात असे. नोकरीधंद्याच्या निमित्ताने तिकडे गेलेली अनेक मराठी कुटुंबे तेथेच स्थायिक झाली. तोफांचे गाडे बनविणारा कारखाना, म्हणजेच गन कॅरेज फॅक्टरी, या शहरात 1904 साली उभा राहिला. तोफ कितीही नामांकित असली तरी गाड्यावाचून ती जागची हलत नाही. ओझे हलविण्याची ही विद्या जबलपूरच्या कारागिरांच्या हाती अशी अर्धशतकाहून अधिक काळ मुरलेली होती.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात आपल्या सैन्याची वाहने बहुतांशी परदेशी घडणीची होती. दुसऱ्या महायुद्धातून मागे राहिलेल्या मालमोटारी आणि जीपगाड्या दुरुस्त करकरून चालविल्या जात. सुटे भाग मिळेनात की एका गाडीचे मोडून दुसरीला लावायचे. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या कारकीर्दीत जर्मनीतील मान या कंपनीशी करार झाला आणि 1959 साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून ‘शक्तिमान’ मालमोटार बाहेर पडली. तीन टनांचे ओझे वाहणारी, चारही चाकांना जोर असलेली आणि पुढे लांब नाक काढलेली ही गाडी पुढे सैन्याच्या घरचीच होऊन बसली. आरंभी जर्मनीहून आलेले भाग जोडले जात. हळूहळू त्यांची जागा देशी भाग घेऊ लागले.

या उपक्रमावर टीका पुष्कळ झाली. सरकारी शस्त्र-कारखान्यांनी मालमोटारी कशाला कराव्यात, हा एक आक्षेप होता. याच कारखान्यांतून कॉफी करण्याची यंत्रेही तयार होत असल्याने विरोधकांच्या हाती थट्टेचा विषय आयताच आला. तो सर्वस्वी गैरलागू होता असे म्हणता येणार नाही. परंतु मालमोटारीची बरोबरी कॉफीच्या यंत्राशी करणे हा अन्यायच होता. हिमालयाच्या घाटात गाडी बंद पडली तर वरच्या ठाण्यावरच्या जवानाला शिधा मिळत नाही, इतका तो साधा हिशेब आहे.

1969 साली खास मोटारगाड्यांसाठी जबलपूरला स्वतंत्र व्हेइकल फॅक्टरी स्थापन झाली. जपानच्या निस्सान कंपनीच्या दोन गाड्यांचे आराखडे भारताने घेतले होते. त्यांतील एक टन ओझ्याची गाडी सैन्यात ‘निस्सान वन-टन’ म्हणून ओळखली गेली, आणि निस्सान पेट्रोल या धाकट्या गाडीची भारतीय आवृत्ती म्हणजे जोंगा. महायुद्धातील मूळच्या जीपला चार सिलिंडर आणि सुमारे साठ अश्वशक्ती होती. जोंगाला सहा सिलिंडर, जवळजवळ चार लिटरचे एंजिन आणि शंभराहून अधिक अश्वशक्ती. साहजिकच ती अधिकाऱ्यांना नेई, रुग्णांना नेई आणि प्रसंगी रणगाडाविरोधी तोफही पाठीवर घेई.

चार चाकांच्या जोराचे एवढे कौतुक का, हे समजण्यासाठी थोडे यंत्रात डोकावले पाहिजे. साध्या मोटारीत एंजिनचा जोर दोनच चाकांना मिळतो. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दोहोंच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चक्रांची रचना असते. तिच्यामुळे दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. डांबरी रस्त्यावर उपकारक ठरणारी हीच रचना चिखलात वैरीण होते. एक चाक चिखलात रुतले की तेच गरगर फिरत राहते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे चाक स्वस्थ उभे राहते. बैलजोडीतील एक बैल घसरला म्हणून दुसऱ्यानेही ओढणे सोडावे, तसाच हा प्रकार. पुढच्या चाकांनाही जोर दिला की ती गाडीला ओढू लागतात आणि बहुधा सुटका होते.

हा जोर पुढेमागे वाटण्यासाठी गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी असते. तिला मेकॅनिक ‘ट्रान्सफर केस’ म्हणतात. तिच्यातच मंद गतीची जोडचक्रेही असतात. ती गुंतविली की गाडी माणसाच्या चालीने जाते, पण चाकांवरचा जोर वाढतो. आणि तीव्र उतारावर ब्रेक न लावता एंजिनच तिला आवरून धरते. जुन्या गाड्यांत कोरड्या पक्क्या रस्त्यावर मात्र चार चाकांचा जोर लावून ठेवू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापीत नाहीत, मध्ये तो फरक सोसणारे काहीच नसते, आणि सारा ताण चक्रांच्या दातांवर येतो. नवशिक्या हौशी मंडळींनी किती गाड्या अशा नासविल्या असतील, ते मेकॅनिकच जाणोत.

शक्तिमानचे उत्पादन 1996 साली आणि जोंगाचे 1999 साली थांबले. निवृत्त गाड्या लिलावात निघाल्या. कित्येक भंगारात तुटल्या. उरलेल्या शेतकऱ्यांकडे, ठेकेदारांकडे आणि शौकिनांकडे गेल्या. मूळ पेट्रोल एंजिनाची भूक सामान्य माणसाच्या खिशाला झेपणारी नव्हती. म्हणून बहुतेकांनी ते उतरवून डिझेल एंजिन बसविले, कोणी टप बदलला, कोणी मोठे टायर चढविले. लोखंडी पट्ट्यांची भक्कम चौकट, खाली कमानींचे जाड पाटे आणि हातोडा-पान्याने उकलता येणारी रचना, यांमुळे या गाड्या मिस्त्रीच्या हाताखाली हव्या तशा घडतात. क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी यांनी 2019 साली जोंगा घेतली आणि रांचीच्या रस्त्यांवर तिला पाहून तरुणांना या नावाचा नव्याने शोध लागला.

याच वर्षाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही. काही बदलांना परिवहन कार्यालयाची पूर्वपरवानगी मिळू शकते, पण गॅरेजात मनाप्रमाणे घडविलेल्या गाडीची वाट त्यामुळे अरुंद झाली. पुढे 2021 साली केंद्र सरकारने पुराणवाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच त्यांत बसते. पहिल्या जोंगांनी 2019 मध्येच पन्नाशी गाठली, शेवटच्या 2049 मध्ये गाठतील. अडचण वयाची नाही. जी जोंगा आज चालते ती बहुधा डिझेल एंजिन घातल्यामुळेच जगली आहे, आणि तेच एंजिन तिला मूळ स्वरूपाच्या कसोटीत अडवते. मूळ एंजिन जपलेली गाडी शोधावी, तर ते चालते ठेवण्यासाठी लागणारे सुटे भाग दुसऱ्या एखाद्या मोडलेल्या जोंगेतूनच काढावे लागतात. महायुद्धातल्या गाड्यांच्या बाबतीत सैन्याच्या कारागिरांनी जे केले, तेच आता हौशी मालक जोंगेच्या बाबतीत करीत आहेत.