कायदा डोकी मोजतो, हवा कोण मोजणार?

कारखान्यांतील आरोग्याची तपासणी सरकारने करावी की नाही, हा वाद आता जुना झाला. तपासनिसाने कोणाच्या दारात जावयाचे हे कशावरून ठरवावे, हा खरा प्रश्न आहे. आणि आमच्या कायद्यांनी तो बहुधा डोकी मोजूनच सोडविला आहे.

हिंदुस्थानातील कारखान्यांचा पहिला कायदा 1881 साली झाला. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या व निदान 100 माणसे राबणाऱ्या कारखान्यांपुरताच तो होता. हा आकडा 1891 साली 50 वर व 1922 साली 20 वर आला. या कायद्यांमागे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा स्वार्थ आहे, ही तत्कालीन राष्ट्रीय पत्रांची तक्रार निराधार नव्हती. तथापि वैद्य लोभी असला म्हणून औषध विष ठरत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढारीपणाखाली मुंबईच्या गिरणीकामगारांनी 1884 साली आठवड्याची सुटी मागितली, ती काही मँचेस्टरच्या सांगण्यावरून नव्हे.

परंतु जेथे एंजिन नाही तेथे तपासनीसही नाही, अशी स्थिती पुढेही राहिली. व्हिटले कमिशनने 1931 च्या अहवालात विड्यांच्या कारखान्यांचे जे वर्णन केले, ते वाचून मन विषण्ण होते: खिडकी नसलेल्या कोंदट खोल्या, ओलसर मातीची जमीन, पाऊल टाकण्यास जागा नाही अशी दाटी, आणि अशा अनियंत्रित कारखान्यांत पाच-पाच वर्षांची मुले! मध्यप्रांतात 1937 साली विडी, लाख व कातडी या धंद्यांसाठी कायदा झाला, पण तोही 50 माणसांपासून पुढे. विडीकामगारांसाठी सर्व देशाला लागू असा स्वतंत्र कायदा होण्यास 1966 साल उजाडावे लागले.

आमचे व्यापारी बंधू म्हणतील, लहान धंद्यास तपासनिसाचा जाच सोसवत नाही. जाच व लाचलुचपत यांचा बंदोबस्त अवश्य व्हावा. परंतु एक खिडकी, भिंतीस चुना आणि स्वच्छ शौचकूप यांनी कोणाचे दिवाळे निघत नाही. तंबाखूची धूळ छातीत शिरताना खोलीत माणसे 20 आहेत की 19, हे विचारीत नाही.

1948 च्या कायद्याने यंत्रशक्ती असल्यास 10 व नसल्यास 20, अशी मर्यादा घातली होती. 2020 च्या संहितेने ‘कारखाना’ या शब्दाच्या व्याख्येत तेच आकडे 20 व 40 केले. म्हणजे साठ-सत्तर वर्षे खाली येत गेलेली रेषा पुन्हा वर चढली. ती कोणाच्या डोक्यावरून गेली, याचा विचार प्रत्येक धनकोने आपल्याच माडीखालच्या खोलीत उतरून करावा.