ऐकू येतं, पण जात नाही

आमच्या ढाणकीत पाणी म्हणजे विहीर, बोअर, फार तर पैनगंगा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटीवरच्या वायरलेसची दुरुस्ती बघायला बसलो तरी तांडेलाची तक्रार मला ओळखीचीच वाटली: "दुसऱ्यांचं ऐकू येतं, आपलं कुणाला जात नाही."

जुलै संपत आला होता. १ जूनपासूनची मासेमारीबंदी ३१ला उठणार, म्हणून सगळ्यांचीच घाई.

कारागिरानं सेट उघडलाच नाही. मागच्या वायरींना मल्टीमीटर लावला. साडेबारा व्होल्ट.

"बघा, बॅटरी ठणठणीत," तांडेल म्हणाला.

"आता माइकचं बटण दाबा."

आकडा दहाच्या खाली घसरला. ऐकताना सेट जेमतेम वीज खातो. २५ वॅटवर बोलताना पाच-सहा अँपिअर मागतो. आमच्याकडे दाब कमी असला की मोटर नुसती गुरगुरते, पाणी उचलत नाही, तसंच हे. दोष इंजिनखोलीत सापडला: दोन बारीक वायरी पिळून टेप गुंडाळलेली, आत तांबं हिरवं पडलेलं. महागडा सेट घेऊन वायरीत पैसे वाचवायचे, ही काटकसर मला कधी कळलेली नाही. त्यानं कल्हईची जाड वायर थेट बॅटरीपासून ओढली आणि फ्यूज बॅटरीजवळच बसवला.

मग अँटेना. या वायरलेसच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून वॅटपेक्षा उंची मोलाची. नऊ मीटरवरच्या अँटेनाचा पल्ला क्षितिजापर्यंत साधारण १२ किलोमीटर. समोरची अँटेनाही तेवढीच उंच असेल तर दुप्पट. इथे वरच्या कनेक्टरमधून पाणी केबलमध्ये उतरलं होतं, जाळी काळी पडली होती. चकचकीत तांबं दिसेपर्यंत तो केबल कापत गेला, नवा कनेक्टर डाखला, वर रबरी टेप ताणून गुंडाळली.

सेट होकायंत्राला खेटून हवा, हा तांडेलाचा हट्ट मात्र चालला नाही. स्पीकरच्या चुंबकानं सुई भरकटते.

चाचणी १६ नंबरवर घ्यायची नाही. १५६.८ मेगाहर्ट्झचा तो चॅनल संकटातल्या हाकेसाठी आणि पहिल्या पुकाऱ्यासाठी. तटरक्षक दल त्यावर कान ठेवून असतं. दुसऱ्या चॅनलवर शेजारच्या बोटीनं लगेच उत्तर दिलं. बंदरात एक वॅट पुरतो, असं सांगून कारागिरानं बटण खाली आणलं. तो उतरताच तांडेलानं ते परत २५वर नेलं.