दर्शनाचा हक्क आणि आकाशाची मर्यादा

विश्रामबागेतील विलिंग्डन वा वालचंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने श्रीहरिकोट्यास जाऊन अग्निबाणाचे उड्डाण पाहावे, ही इच्छा आज अवाजवी राहिलेली नाही. २०१९ साली ‘इस्रो’ने तेथील प्रेक्षक-गॅलरी सामान्य नागरिकांस खुली केली. नावनोंदणी करावी आणि उड्डाण पाहावे. ज्याच्या करातून अग्निबाण उभा राहतो त्याला तो पाहण्याचाही हक्क आहे, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले.

मात्र तेथे ड्रोन उडविण्याचा हक्क त्यातून निघत नाही. २०२१ च्या नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग पाडले. लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ड्रोन उडविता येत नाही. हा निर्बंध अनेकांस जाचक वाटतो. परंतु एकाने पाहिल्याने दुसऱ्याचे पाहणे उणावत नाही, ड्रोनचे तसे नाही. तेथे लाभ एकाचा आणि जोखीम सर्वांची.

जून २०२१ मध्ये फ्लोरिडात एक हेलिकॉप्टर निषिद्ध क्षेत्रात शिरले आणि ८८ उपग्रहांचे उड्डाण अखेरच्या क्षणी थांबवून दुसऱ्या दिवशी करावे लागले. असे लांबलेले उड्डाण सर्वांत महाग पडते ते पदरमोड करून दुरून आलेल्या विद्यार्थ्यास. त्याच्या मुक्कामाचा व परतीच्या तिकिटाचा हिशेब कोणी भरून देत नाही.

निर्बंध म्हणूनच रास्त आहे. तथापि तो घालणाऱ्या शासनाने दूरच्या महाविद्यालयांसाठी गॅलरीत काही जागा राखून ठेवल्या, तर त्या निर्बंधास न्यायाचीही जोड मिळेल.