धृष्ट नायक आणि अनुकूल नायक

कादंबऱ्यांतील सज्जन नायक नीरस वाटतो आणि उद्दाम नायक मात्र मनांतून जात नाहीं, अशी तरुण वाचकांची, विशेषतः वाचकभगिनींची, नेहमीची तक्रार असते. वडील माणसें याचा दोष काळाला देतात. पण ही रुचि आजची नव्हे. दहाव्या शतकांत धनंजयानें ‘दशरूपक’ ग्रंथांत शृंगारनायकाचे चार प्रकार सांगितले. एकनिष्ठ तो अनुकूल. मन दुसरीकडे गेलें तरी पहिलीशीं सौजन्य न सोडणारा तो दक्षिण. गुप्तपणें प्रतारणा करणारा तो शठ. आणि अपराधाच्या खुणा अंगावर घेऊन निर्लज्जपणें समोर उभा राहणारा तो धृष्ट. चौघांनाही त्यानें नायकच म्हटलें आहे. शास्त्रकारांस मनुष्यस्वभाव पुरता ठाऊक होता.

या प्रश्नाचा बोधप्रद इतिहास इंग्रजी कादंबरीच्या आरंभींच सांपडतो. सॅम्युएल रिचर्डसनच्या ‘पॅमेला’ (१७४०) कादंबरींत दासीच्या शीलावर टपलेला धनी अखेर सुधारतो व तिच्याशीं लग्न करतो. सुधारलेला विलासी पुरुष हाच उत्तम पति, या त्या समाजांतील रूढ समजुतीला हा शेवट पोषकच होता. पुढें ‘क्लॅरिसा’च्या (१७४७–४८) प्रस्तावनेंत त्याच लेखकानें ही समजूत घातक ठरविली. त्या कादंबरींतील लव्हलेस देखणा व वाक्पटु आहे. तो क्लॅरिसेला फसवून नेतो, गुंगीचें औषध देऊन तिची अब्रू घेतो, आणि ती अखेर झुरून मरते. तरीही ग्रंथ खंडशः प्रसिद्ध होत असतां कित्येक वाचकांनीं लेखकाला विनविलें कीं, लव्हलेसला सुधारा आणि दोघांचें लग्न लावा! तेव्हां रिचर्डसननें १७५३–५४ मध्यें सर चार्ल्स ग्रँडिसन हा सर्वगुणसंपन्न नायक उभा केला. परंतु लव्हलेसची मोहिनी त्याला लाभली नाहीं.

याचें कारण उघड आहे. कथा म्हणजे पालट. दुर्जनाच्या ठिकाणीं पालटाला जागा असते. सज्जन मात्र पहिल्या पानावर जसा, तसाच शेवटच्या पानावर. शिवाय, जगाशीं क्रूर वागणारा पुरुष केवळ आपल्यापुढें नम्र होतो, या कल्पनेंत स्त्रीला सामर्थ्य लाभल्याचा भास होतो. जिच्या हातीं दुसरें सामर्थ्य समाजानें ठेवलेंच नव्हतें, तिला ही कल्पना गोड वाटली तर तिला कोणीं हसूं नये.

भय आहे तें हा भास खरा मानण्याचें. एमिली ब्राँटेच्या ‘वुदरिंग हाइट्स’मध्यें (१८४७) हीथक्लिफवर भाळून इझाबेला घर सोडते. तो तिचा छळ तर करतोच. वर आपल्या ठिकाणीं तिनें कादंबरीचा नायक पाहिला म्हणून तिची चेष्टाही करतो. आपल्याकडे गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. सिंधूची निष्ठा अढळ आहे. पण ती सुधाकरचा प्याला सोडवूं शकत नाहीं, आणि घराचा नाश टळत नाहीं.

मग नुसतें नीतिमान असणें पुरे काय? तेंही नव्हे. शार्लट ब्राँटेची जेन एअर (१८४७) जिवंत पत्नी लपविणाऱ्या रॉचेस्टरला सोडून जाते; आणि आपल्याला हिंदुस्थानी भाषा शिकवून धर्मकार्यार्थ हिंदुस्थानांत नेऊं पाहणाऱ्या, परंतु मनांत प्रेमाचा ओलावा नसलेल्या सेंट जॉन रिव्हर्सलाही ती नकारच देते. सज्जनपणाला मायेची जोड हवी.

फणस वरून कांटेरी असतो. म्हणून प्रत्येक कांटेरी झुडुपांत गरे शोधूं नयेत. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्यें (१८१३) विकॅम गोडबोल्या आहे, डार्सी तुसडा. एलिझाबेथचें मत पालटण्यास त्याच्या पत्राबरोबरच घरच्या वृद्ध कारभारणीची साक्ष कारण होते, आणि पुढें त्यानें तिच्या बहिणीची अब्रू गाजावाजा न करतां राखल्याचें कळतें. डार्सी उद्धट होता, दुष्ट नव्हता. हा भेद ज्या मुलीला कळला, तिच्या हातीं कोणतीही कादंबरी द्यावी.

लेखकांसही आमची एक विनंति आहे. शूद्रकाचा चारुदत्त सज्जन खरा; पण कवीनें त्याला दारिद्र्य दिलें, खोटा खुनाचा आळ दिला, वधस्थानापर्यंत नेलें, आणि शेवटीं शकाराला क्षमा करावयास लाविलें. त्याला कोण नीरस म्हणेल? सज्जनाला कसोटीचें कांहीं काम द्या, म्हणजे वाचक त्याला सोडणार नाहींत.

आणि आईबापांनीं पुस्तक हिसकावून घेऊं नये. मुलीजवळ बसून एवढेंच विचारावें: ज्यांच्यापासून या नायकाला कांहीं मिळवावयाचें नाहीं, त्या नोकराचाकरांशीं आणि दुबळ्यांशीं तो कसा वागतो? हा प्रश्न कादंबरींत विचारण्याची संवय लागली, तर स्थळ पाहतांनाही तो विसरला जाणार नाहीं.