पुणतांब्याचा रेखांश आणि ३२ मिनिटांचे गणित

उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत काढलेली कल्पित अर्धवर्तुळाकार रेषा म्हणजे रेखावृत्त. मूळ रेखावृत्तापासून तिचे कोनीय अंतर म्हणजे रेखांश. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रिनिचचे रेखावृत्त शून्य अंश ठरले. त्याआधी कित्येक शतके भारतीय ज्योतिर्गणितात उज्जैनची रेखा मूळ मानली जाई.

गोदाकाठचे, चांगदेवांच्या समाधीचे पुणतांबा सुमारे ७४.६ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे लागतात. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. दोहोंत ७.९ अंशांचा फरक असल्याने पुणतांब्याची स्थानिक वेळ सुमारे ३२ मिनिटे मागे आहे. त्यामुळे सूर्य आकाशात सर्वांत उंच येतो, तेव्हा घड्याळात सरासरी १२ वाजून ३२ मिनिटे झालेली असतात. वर्षभरात ही वेळ साधारण पाव तास मागेपुढे होते.

रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येत जातात. म्हणून विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर असलेले एका रेखांशाचे अंतर पुणतांब्याच्या अक्षांशावर सुमारे १०५ किलोमीटर भरते.